जुन्या सायकलीला तिच्या काळाचाच भाग शोधा

‘सायकल जुनीच आहे ना, मग मिळेल तो भाग टाका आणि चालवा!’ असे म्हणणारी मंडळी पुष्कळ आहेत. आपल्या वर्गातल्या एका कुटुंबाने यंदा १९७० च्या दशकातली एक फ्रेंच प्यूजो सायकल घेतली, तेव्हा पालकांमध्ये याच मुद्द्यावर चांगली जुंपली. सायकलीचे एक पेडल तुटलेले होते. नवी जोडी दुकानात लगेच मिळत होती. जुनी फ्रेंच जोडी शोधायची तर महिने जाणार होते. एका बाजूचे म्हणणे, पोराला चालवायला सायकल हवी आहे, मांडून ठेवायला नको. आम्ही, म्हणजे हा अंक काढणारे पालक आणि मोठ्या गटातली मुले, दुसऱ्या बाजूचे आहोत. जुन्या सायकलीला तिच्या काळाचाच भाग शोधावा, आणि तो मिळेपर्यंत भलता भाग बळेच बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा नुसता हौशी हट्ट नाही. त्यामागे साधे गणित आहे.

बालमित्रांनो, पेडल क्रँकमध्ये आट्यांवर फिरवून बसवतात हे तुम्ही पाहिले असेल. इंग्लिश पद्धतीच्या पेडलचा दांडा ९/१६ इंच, म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटर जाड असतो. जुन्या फ्रेंच पेडलचा दांडा १४ मिलिमीटर असतो. फरक जेमतेम ०.३ मिलिमीटरचा! डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणूनच घोटाळा होतो. इंग्लिश पेडल फ्रेंच क्रँकमध्ये एक-दोन फेरे जाते आणि घट्ट होते. मग कोणीतरी लांब पाना आणून जोर लावतो. क्रँक ॲल्युमिनियमचा असेल तर त्याचे आटे कापले जातात. उलट फ्रेंच पेडल इंग्लिश क्रँकमध्ये सैल बसते आणि चालवताना निसटू शकते.

दोन्ही पेडलांच्या मधला एक्सल ज्या कपांमध्ये फिरतो, तिथे तर आणखी गंमत आहे. फ्रेंच कप ३५ मिलिमीटरचा, इंग्लिश कप १.३७ इंचाचा, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटरचा. शिवाय इंग्लिश सायकलीत उजव्या कपाला उलटे आटे असतात, तर जुन्या फ्रेंच सायकलीत दोन्ही कपांना सुलटे. हे ठाऊक नसलेला माणूस फ्रेंच सायकलीचा उजवा कप उलट्या आट्यांचा समजून सोडवायला गेला, तर तो कप सुटण्याऐवजी आणखी आवळत बसतो!

असे का? दशमान मापे १७९० च्या दशकात फ्रान्समध्येच जन्माला आली. फ्रेंच कारखाने मिलिमीटरने मोजत आणि इंग्लिश कारखाने इंचाने. १९८० च्या दशकात फ्रेंच कंपन्यांनीही हळूहळू इतरांची मापे घेतली. त्याआधीच्या सायकली मात्र आपल्या जुन्या मापांना धरून आहेत. त्यामुळे ‘त्या काळाचा भाग’ म्हणजे केवळ दिसायला जुना भाग नव्हे. जो नीट बसतो, तो भाग.

आपल्या पुण्या-कोल्हापूरच्या मिस्त्रींना ही मापे अनोळखी वाटतात, यात त्यांचा दोष नाही. भारतातली सायकल इंग्लिश घराण्याची. रॅले, बी.एस.ए., हर्क्युलस, फिलिप्स ही नावे आजी-आजोबांना विचारा, लगेच सांगतील. पुढे आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ १९४९ मध्ये सुरू झालेली टी.आय. सायकल्स आणि मुंबईत वरळीला हिंद सायकल्स उभ्या राहिल्या, त्यांनीही इंग्लिश वळणच ठेवले.

तरी एक धागा जुळतो, आणि तो मुलांना फार आवडला. आपल्याकडच्या दांडीब्रेकच्या काळ्या सायकलीचा टायर २८ × १ १/२ मापाचा. त्याच्या रिमचे माप ६३५ मिलिमीटर. फ्रेंच लोक याच मापाला ७०० बी म्हणतात! तसाच २६ × १ ३/८ चा टायर म्हणजे फ्रेंचांचा ६५० ए, माप ५९० मिलिमीटर. म्हणजे जुन्या फ्रेंच सायकलीची चाके या मापांची असली, तर तिचा टायर सातारा-सांगलीच्या दुकानातही मिळू शकतो. नावे वेगळी, माप एकच. म्हणून आमचा पहिला आग्रह हा, की आधी मोजा, मग विकत घ्या. व्हर्निअर कॅलिपर शाळेच्या प्रयोगशाळेतच पडून राहू नये.

दुसरा आग्रह, परत न येणारे काम करू नका. आटे मोठे कापून इंग्लिश पेडल बसवता येते, अनेक मिस्त्री ते व्यवस्थित करतात. पण कापलेला धातू पुन्हा चिकटत नाही. तीच गोष्ट रंगाची. गंज दिसला की लगेच सगळी सायकल खरवडून चकचकीत रंग मारण्याची घाई होते, आणि कंपनीची नक्षी आणि स्टिकर कायमचे जातात. मरीनाच्या खाऱ्या, दमट हवेत गंज लागणारच. त्यासाठी तेलाचे फडके आणि थोडी मेहनत पुरते.

आता विरुद्ध बाजूचेही ऐकले पाहिजे. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो आम्हाला पूर्ण मान्य आहे. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, ब्रेकची तार आणि चेन या वस्तू नव्याच घ्याव्यात. पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरावर कोणीही आपले मूल सोपवू नये. जुना म्हणून प्रत्येक भाग चांगला असेही नाही. सिंप्लेक्स या फ्रेंच कंपनीने १९६० च्या दशकात गिअर बदलण्याचे यंत्र प्लास्टिकमध्ये आणले. ते हलके होते, पण वय झाल्यावर त्याला तडे जातात. असा तडकलेला भाग काढून डब्यात जपून ठेवावा आणि चालवायला धडका भाग लावावा. पैशांचा मुद्दाही खरा आहे. त्यावर उपाय असा की आजही काही छोटे कारखाने फ्रेंच मापाचे नवे भाग बनवतात. ते बसवले तर सायकलीला इजा होत नाही, आणि मूळ भाग मिळाला की बदलता येतो.

पण ‘एवढा वेळ कशाला घालवायचा?’ हा मुद्दा मात्र आम्हाला पटत नाही. आपली मुले जिथे वाढत आहेत, त्या दुबई मरीनातल्या इमारती २००० नंतरच्या आहेत. इथे वस्तू बिघडली की बदलली जाते, दुरुस्त होताना क्वचित दिसते. प्यूजो कंपनी १८८२ पासून सायकली करत आली. तिचे त्या त्या वर्षाचे कॅटलॉग पाहून ब्रेक माफाकचा होता की आणखी कोणाचा, क्रँक स्ट्राँगलाइटचा होता का, हे मुले शोधू लागली, तेव्हा त्यांनी मोजले, पत्रे लिहिली, वाट पाहिली. फ्रेंच पेडलवर उजव्यासाठी ‘डी’ आणि डाव्यासाठी ‘जी’ का लिहिलेले असते, हेही त्यांना कळले. फ्रेंचमध्ये उजवा म्हणजे ‘द्र्वा’ आणि डावा म्हणजे ‘गोश’. एवढे शिक्षण नव्या पेडलच्या खोक्यातून मिळाले नसते.

आणि पालकहो, खरी निकड फ्रेंच सायकलीची नाहीच. सुट्टीत आपण घरी जातो. गावोगावी जुने वाडे पाडून इमारती होत आहेत. माळ्यावर, जिन्याखाली आजोबांची सायकल असते, शेजारी डब्यात छर्रे, कॉटर पिना, डायनॅमोचा दिवा, कधी नगरपालिकेच्या सायकल-कराचा पितळी बिल्ला. घर रिकामे करताना हे सगळे किलोच्या भावाने भंगारात जाते. फ्रेंच सायकलीचे भाग आज दुर्मीळ झाले ते असेच. आपल्या काळ्या सायकलींवर ती वेळ येऊ द्यायची का, हे आपल्याच हातात आहे.

पुण्याला जाणार असाल तर कर्वेनगरमधले विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. ते २०१७ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बी.एस.ए. सायकल तिथे आहे, आणि दिवे, पंप, कुलपे अशा बारीकसारीक वस्तूही जपल्या आहेत. एका माणसाच्या चिकाटीने काय होते ते तिथे दिसते.

तेव्हा या सुट्टीत प्रत्येकाने एक काम करावे. घरची सायकल भंगारात देण्याआधी तिचा फोटो काढा, मडगार्डवरचे नाव लिहून घ्या, आणि डब्यातले भाग फेकू नका. ती कोणी, कधी, किती रुपयांना घेतली हे आजी-आजोबांना विचारा. सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी वर्गात घेऊन या. आमचे मत ज्यांना पटले नसेल त्यांनीही अवश्य लिहावे. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.