कोर्टाचा कागद आणि सिबिलचा शेरा : गप्प बसणेच सर्वांत महाग

सिबिल अहवालात कर्ज थकल्याच्या नोंदी असल्यामुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा तो निर्णय कायम ठेवला. आपली कितीतरी मुले-मुली बँकांच्या परीक्षांची तयारी करत आहेत. थकीत कर्ज आता थेट त्यांच्या नोकरीच्या आड येऊ शकते.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो, कोर्टाचा लिफाफा आला की काही घरे हादरतात, तर काही जण तो न उघडताच ठेवून देतात. दोन्हींत नुकसान आपलेच.

निकाल लागला की सिबिल बिघडते, हा समज अर्धवट आहे. हप्ता चुकला की कर्ज देणारी संस्था ती नोंद कळवते. प्रकरण दाव्यापर्यंत जाते तोवर ३०० ते ९०० मधला गुणांक घसरलेलाच असतो. पुढे 'दावा दाखल' असा शेराही लागू शकतो. जामीनदारही यातून सुटत नाही. म्हणून मित्राखातर सही करताना दहादा विचार करावा.

निकालाने धनकोला वसुलीचा हक्क मिळतो. समन्स बजावूनही आपण हजर राहिलो नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होतो. त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त १२ वर्षांपर्यंत दाखल करता येते. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

वसुली एजंट घालतात ती भीती मात्र बरीचशी पोकळ असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची अवजारे जप्त होत नाहीत. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भागही सुरक्षित असतो. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी महिलेला अटक करता येत नाही. केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता आले नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले आहे. चेक न वटल्याचा खटला मात्र फौजदारी असतो. तिथे गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते.

लोकअदालतीतली तडजोड ऐच्छिक असते, पण एकदा सही केली की तिच्यावर अपील नाही. कमी रकमेत मिटवले, तर अहवालात 'सेटल्ड' शेरा राहतो आणि पुढचे कर्ज अडते. पूर्ण फेड केल्यास 'क्लोज्ड' अशी नोंद आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्यावा.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. हेल्पलाइन १५१०० आहे. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यातल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आपल्यापैकी अनेक जण बँकेची पायरी चढणाऱ्या पहिल्या पिढीतले आहेत. कागद वाचून सांगणारे घरात कोणी नसते. ते काम विहारांनी करावे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास नोटिसा आणि सिबिल अहवाल वाचायला द्यावा. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्तीचे सुख आहे. त्या सुखाची सुरुवात लिफाफा उघडण्यापासून होते.

जयभीम, नमो बुद्धाय.