विज्ञानपटाची कैफियत

विज्ञानपट पाहिला की माणूस देवापासून दुरावतो, असे म्हणणारा एक पक्ष आपल्याकडे आहे. आणि विज्ञानपटात देवाचे नाव निघाले की विज्ञान बुडाले, असे म्हणणारा दुसराही आहे. पहिला धाराशिव जिल्ह्यातल्या ईटसारख्या गावी पारावर भेटतो, दुसरा पुण्यामुंबईच्या परिसंवादांत. दोघांचे हाडवैर असले तरी एका गृहीतकावर दोघांचेही शिक्कामोर्तब झालेले आहे, ते असे की श्रद्धा आणि विज्ञान यांच्यातील दाव्याचा निकाल कधीच लागलेला असून पडद्यावर आता केवळ हुकूमनाम्याची बजावणी व्हावयाची उरली आहे. माझी हरकत या गृहीतकालाच आहे. विज्ञानपटाने मुनसफाच्या खुर्चीवर बसू नये, वकिलाच्या जागी उभे राहून उलटतपासणी करावी, ती श्रद्धेची करावी तशीच विज्ञानाचीही करावी, आणि जेथे तो ती टाळतो तेथे त्याच्यावर खुशाल फिर्याद गुदरावी, असे माझे म्हणणे आहे.

पहिल्या पक्षाचा मुख्य दाखला असा की, आपला चित्रपट जन्मला तोच देवाच्या पायाशी. तेव्हा परग्रहवासी आणि यंत्रमानव हे येथे उपरेच राहणार. दाखला अर्धा खरा आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा पट पाहताना दादासाहेब फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु १९१२ साली विलायतेहून यंत्रसामग्री आणल्यावर, ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्याच्या आधी, भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी जे चित्रित केले ते कोणा देवतेचे रूप नव्हते. कुंडीत वाटाणे पेरून, तिच्यासमोर कॅमेरा रोखून, महिनाभराहून अधिक काळ त्यांनी त्या रोपाची चित्रे घेतली. आणि बी रुजते, कोंब फुटतो, वेल वर चढते, हा सगळा व्यवहार मिनिटभरात डोळ्यांसमोर घडवून दाखविला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा चिमुकला पट पाहून कर्ज देणारे पुढे आले, आणि मगच ३ मे १९१३ रोजी हरिश्चंद्र लोकांसमोर उभा राहिला. तेव्हा मराठी माणसाने घडविलेल्या या कलेला पहिले भांडवल मिळवून दिले ते निसर्गाच्या एका निरीक्षणाने, ही गोष्ट पौराणिक चित्रपटांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी विसरू नये.

ती दुसऱ्या पक्षानेही विसरू नये, पण वेगळ्या कारणासाठी. ‘लंकादहन’ १९१७ साली आला तेव्हा राम पडद्यावर येताच प्रेक्षक पादत्राणे काढीत, असे सांगतात. आणि त्याच साली त्याच फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हाही पट काढला, ज्यात पडद्यामागची सारी खटपट उघड करून दाखविली आहे. चमत्कार करणाऱ्यानेच चमत्काराची कृती जाहीर करावी, आणि तरीही लोकांचे हात जोडलेलेच राहावेत, याचा अर्थ लोक मूर्ख होते असा काढणे सोपे आहे, पण ते चूक आहे. ज्याला हात जोडले तो पडद्यावर रामाचे काम करणारा नट साळुंके नव्हे, हे त्या प्रेक्षकाला पुरते ठाऊक होते. (जाता जाता : हेच फाळके ‘प्रोफेसर केळफा’ असे आडनाव उलटे करून जादूचे प्रयोग करीत, आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ धाडली, तिला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पुराणाचा आणि विज्ञानाचा, दोघांचाही जादूगार आरंभी उलट्या नावाने वावरला, या योगायोगाची मला गंमत वाटते.)

आता दुसऱ्या पक्षाच्या तक्रारीची तहकिकात करू. २००० साली आलेल्या एका अमेरिकन चित्रपटात स्नानगृहात विजेचा धक्का बसून नायकाला बायकांच्या मनातले ऐकू येऊ लागते. २००४ साली केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये तीच सिद्धी नायकाला देवीच्या कृपेने लाभते. विजेच्या जागी देवी आली, म्हणून मराठी बुद्धी मागासली, असा निष्कर्ष काढणारे विद्वान मी ऐकले आहेत. त्यांना माझा प्रश्न असा की, विजेच्या धक्क्याने परचित्तज्ञान होते, हे कोणत्या पदार्थविज्ञानात लिहिले आहे? तो धक्का म्हणजे वायर जोडलेला वरप्रसादच होय. उलट मराठी चित्रपटाने आपला चमत्कार चमत्कार म्हणून कबूल केला, आणि या हिशेबात मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. पडद्यावर यंत्र दिसले म्हणजे विज्ञानपट झाला, हा समज आधी दफ्तरातून काढून टाकला पाहिजे.

मग विज्ञानपट ओळखावा कशावरून? माझ्या मते, त्यातल्या अद्भुताला नियम असतो, मर्यादा असते आणि किंमत मोजावी लागते, यावरून. ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) अदृश्य होण्याचे साधन नायकाच्या हाती येते, पण तांबड्या उजेडात तो दिसतोच, या एका अटीमुळे ती कथा परीकथेपासून वेगळी होते. त्याच चित्रपटात अदृश्य नायक हनुमंताची मूर्ती उचलून गुंडांना बदडतो, तो प्रसंग आठवावा. गुंडांच्या डोळ्यांना मारुतिराया प्रत्यक्ष अवतरलेला दिसतो, प्रेक्षकाला मूर्तीमागचा हात ठाऊक असतो, आणि तरी टाळ्यांच्या कडकडाटात ‘बजरंगबली की जय’ म्हणणारा तोच प्रेक्षक असतो. एकाच घटनेच्या दोन जबान्या एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदतात, हे इतक्या खेळकरपणे दाखविणारा दुसरा प्रसंग आपल्या पडद्यावर मला चटकन सापडत नाही.

याउलट ‘कोई... मिल गया’ (२००३) घ्या. शास्त्रज्ञ अंतराळात ॐकाराचे ध्वनी पाठवितो आणि परग्रहवासी येतात. ॐकार आला याला माझी मुळीच हरकत नाही. हरकत अशी की, ज्या लोकात आपल्यासारखी हवा असेल की नाही, कंठ असेल की नाही, कान असतील की नाही, हेच ठरलेले नाही, तेथे हा ध्वनी ओळखला का जावा, एवढा प्रश्नही कोणी विचारीत नाही. श्रद्धेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलाविले, शपथ दिली, आणि एकही प्रश्न न विचारता मानाने परत पाठविले. ‘आमच्या पुराणांत हे सारे होतेच’ म्हणून पुष्पक विमानाचा दाखला देणाऱ्या तिसऱ्या पक्षाला हा प्रकार फार मानवतो. त्या पक्षाशी मी वाद घालीत नाही, कारण विमान होते म्हणणाऱ्याने निदान इंजिनाचा आराखडा तरी रुजू करावा, ही माझी अट त्याला मान्य होत नाही.

‘पीके’ची (२०१४) गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्यातला परग्रहवासी प्रश्न विचारतो, आणि पुष्कळ प्रश्न नेमके विचारतो. परंतु ज्याला तो पिंजऱ्यात उभा करतो तो लबाड बुवा असल्यामुळे खटला आधीच जिंकलेला असतो. देवाला साकडे घालण्यासाठी लावलेला ‘राँग नंबर’, एवढीच धर्माची व्याख्या त्या चित्रपटाला ठाऊक आहे. आमच्या भूम तालुक्यातच कुंथलगिरीचे जैन सिद्धक्षेत्र आहे. तेथे १९५५ सालच्या सप्टेंबरात आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. जगत्कर्ता ईश्वर न मानणाऱ्या धर्मातला तो एक वृद्ध साधू. त्याने कोणाला फोन लावला होता? काय मागितले होते? अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडून शांतपणे मरणाला सामोरे जाणे हेही श्रद्धेचेच रूप आहे, ते कोणाला पटो वा न पटो. आणि चमत्काराची अपेक्षा म्हणजेच श्रद्धा, असे समजून चालणाऱ्या विज्ञानपटाजवळ त्याला विचारावयाला एकही प्रश्न नाही. ही उणीव श्रद्धेची नव्हे, पटकथेची आहे.

मंडनाकडे वळताना मला सर्वप्रथम आठवतो तो एका परक्या चित्रपटातला आपल्याच मातीवर चित्रित झालेला प्रसंग. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये (१९७७) हिंदुस्थानातला म्हणून जो देखावा आहे, तो खोपोलीजवळच्या हाळ या गावी घेतलेला आहे. कथेत तो उत्तरेकडचा मुलूख म्हणून वावरतो, ते असो. अफाट जनसमुदाय बसलेला आहे, पाच स्वरांची एकच धून घोळवून घोळवून म्हणत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ, ज्याचे काम दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांनी केले, ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन येतो, आणि हे सूर आले कोठून असे विचारताच शेकडो बोटे एकदम आभाळाकडे उठतात. या दृश्यात पूर्वेला भाबडी आणि पश्चिमेला शहाणी ठरविले, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. तेथे कोणी कोणाला हसत नाही. गावकऱ्यांनी ऐकले, शास्त्रज्ञाने नोंदले. त्यांची जबानी नसती तर त्याची फीत कोरी राहिली असती, आणि त्याची फीत नसती तर त्यांचे ऐकणे त्या माळावरच विरून गेले असते. सत्यजित राय यांच्या १९६७ च्या ‘द एलियन’ या कधीही चित्रित न झालेल्या पटकथेत बंगालमधल्या खेड्याच्या तळ्यात अवकाशयान उतरते, आणि पाण्यावर आलेले त्याचे टोक पाहून गावकरी बुडालेले देऊळ वर आले असे समजून पूजा मांडतात. हा गावकऱ्यांचा प्रमाद खरा. पण अनोळखी वस्तू दिसताच तिच्यावर धोंडा न टाकता फूल वाहणारा प्रमाद.

विज्ञानाची उलटतपासणी कशी व्हावी, हे आमच्या धाराशिव जिल्ह्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. ज्या पठाराला स्थिर म्हणून ग्रंथांतून दाखला मिळालेला होता, ते पठार हलले. शास्त्राने मागाहून कारण सांगितले, आणि ते खरे सांगितले. पण आधी कोणाला जागे करणे त्याला शक्य नव्हते, आजही नाही. देवाला जाब विचारणारे होते, देवाला धरून राहिलेलेही होते, आणि तीच माणसे पुढे भूकंपरोधक घरांची मागणी करीत होती.

कार्ल सेगन यांच्या कादंबरीवरून निघालेल्या ‘कॉन्टॅक्ट’ (१९९७) या चित्रपटात उलटतपासणीचा हाच प्रसंग एका शास्त्रज्ञ स्त्रीवर येतो. आयुष्यभर पुरावा मागत आलेली ती विश्वाच्या पलीकडचे काही पाहून येते. पृथ्वीवरच्या घड्याळाप्रमाणे ती कोठे गेलेलीच नसते, तिच्या ध्वनिचित्रफितीवर केवळ खरखर असते, आणि चौकशी समितीसमोर तिला सांगावे लागते की दाखवावयाला माझ्याजवळ काही नाही, परंतु मी अनुभविले ते नाकारूही शकत नाही. ती खरखर अठरा तासांची आहे, ही गोष्ट मात्र अधिकारी आपसातच ठेवतात. संताला विचारले जाणारे प्रश्न शास्त्रज्ञाला विचारले गेले. आणि ती चुकीची ठरण्याची शक्यता स्वतःच कबूल करते, यातच तिचे शास्त्रज्ञपण शाबूत राहते.

यावर शेवटचा आक्षेप पैशाचा निघतो : असले चित्रपट काढावयाला मराठी निर्मात्याजवळ भांडवल कोठे आहे? नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहात ‘धूमकेतू’ नावाची कथा आहे. हौशी खगोलनिरीक्षकाला धूमकेतू सापडतो, तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने ठरते, जगातले शास्त्रज्ञ स्फोटकांनी भरलेले यान पाठवून त्याचा मार्ग वळवितात. आणि इकडे त्याच्याच घरी, अरिष्ट टळावे म्हणून पत्नीने यज्ञ केलेला असतो. अरिष्ट टळते. कशाने टळले, याची दोन उत्तरे एकाच छपराखाली राहतात, आणि दोन्ही उत्तरांत त्या माणसाविषयीची काळजी आहे. आकाशातला धूमकेतू खर्चिक आहे, हे मान्य; तो घटकाभर खिडकीबाहेर ठेवावा. उरलेल्या कथेला लागते एक माजघर, विझत आलेले यज्ञकुंड, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर एकमेकांचे म्हणणे न पटलेले नवराबायको. अशी दोन माणसे उभी करणाऱ्या नटनटींची वाण मराठी रंगभूमीला अजून तरी पडलेली नाही.