यात्रेच्या बसमधला सिलिंडर

इंदूरचा अन्नपूर्णा हा सारा भाग तिथल्या देवीच्या देवळावरून ओळखला जातो. काही वर्षांपूर्वी उज्जैन-ओंकारेश्वराच्या यात्रेत आमची गोव्याची बस तिथे मुक्कामाला होती. दर्शन घेऊन परतलो, तर बसच्या मागच्या भागात आचारी सिलिंडर जोडत बसला होता. रबरी नळी बसेना म्हणून त्याने ती गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि वरून तार आवळली. मी म्हटले, "गॅसवाल्याला बोलवूया का?" तो हसला. "बाब, वीस वर्सां हांवूंच जोडटां."

मी गप्प बसलो, रात्री पोटभर जेवलोही. आज त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

२६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभा असलेला यात्रेकरूंचा रेल्वेडबा पेटला. माणसे उत्तर प्रदेशातून देवदर्शनाला निघाली होती. नियम मोडून आत नेलेल्या सिलिंडरने घात केला आणि नऊ जण गेले.

आमच्या आचाऱ्याचा अनुभव खोटा नव्हता. पण घरातला सिलिंडर एका जागी असतो. गाडीतला रोज खड्डे खातो आणि सांधे सैल होतात. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की खिडकीतून निघून जात नाही, खाली तळाशी साचतो. म्हणून कॅरॅव्हॅन बांधणारे जाणकार सिलिंडरला राहत्या जागेपासून वेगळा, बंदिस्त कप्पा देतात, त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूने भोके ठेवतात आणि सिलिंडर उभाच पक्का बांधतात. आडवा पडला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो. हे नुसत्या सवयीने कळत नाही, शिकावे लागते.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. जुन्या व्हॅनचे फिरते घर स्वतःच करण्याची हौसही हल्ली दिसते. हौस चांगलीच आहे. पलंग ठोका, कपाटे बसवा, पडदे शिवा. गॅसची जोडणी मात्र शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. "तोही चुकतो की!" असे कोणी म्हणेल. खरे आहे. म्हणूनच त्याला सांध्यांवर साबणाचे पाणी लावायला सांगा, बुडबुडे येतात का ते स्वतः बघा, नळीवरची तारीख वाचा. झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करणे हे तर आपलेच काम.

यात्रेच्या बसचे दुखणे वेगळे. जोडणीचे पैसे वाचतात मालकाचे, जीव टांगणीला लागतो आचाऱ्याचा आणि आपला. नीट सोय नसेल तर शेगडी आणि सिलिंडर खाली उतरवून मोकळ्यावर रांधावे. जेवायला अर्धा तास उशीर झाला तर काही बिघडत नाही.

असो. पुढच्या यात्रेला नाव नोंदवताना बस एसी आहे का, हे आपण विचारतोच. त्याच दमात हेही विचारा: गॅस कोणी जोडला आहे?