जाड शाफ्ट नको, आधी कोन मोजा

रायपूरला बदली झाल्यापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "सर, गाडी चार इंच उचललीय. आता शाफ्ट कोणता टाकू?" विचारणारे बहुतेक तरुण अधिकारी असतात, नाहीतर लष्कराच्या लिलावातली जिप्सी हौसेने घेतलेले इथले नागरी मित्र. मोबाइलमध्ये जाड नळीच्या, चकाकत्या प्रोपेलर शाफ्टचे फोटो तयारच असतात. माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. शाफ्टचं शेवटी बघू, आधी कोन मोजून आणा.

माझं मत स्पष्ट आहे. उचललेल्या गाडीचा शाफ्ट बारीक असतो म्हणून क्वचितच जातो. तो जातो तिरका झाल्यामुळे. तिरकेपणावर जाडी हा इलाज नाही.

गाडी उचलली की चासीबरोबर इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वर जातात. एक्सल मात्र चाकांच्या उंचीलाच राहतो. दोघांना जोडणारा शाफ्ट साहजिकच उभट होतो. समजा शाफ्ट 100 सेंटीमीटर लांब आहे आणि त्याच्या दोन टोकांत 10 सेंटीमीटरचा उतार आहे. कोन झाला सुमारे 6 अंश. गाडी आणखी 10 सेंटीमीटर म्हणजे चार इंच उचलली की तो साडेअकरा अंशांच्या आसपास जातो. हेच गणित 60 सेंटीमीटरच्या शाफ्टवर करा. साडेनऊ अंशांचे थेट साडेएकोणीस होतात. म्हणून लांब गाडीला पचलेली उंची आखूड गाडीला पचेलच असं नाही. दुसऱ्याची गाडी बघून सामान मागवू नये, ते यासाठीच.

आता क्रॉसकडे या. युनिव्हर्सल जॉइंट वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा पलीकडची बाजू एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेरीत ती दोनदा पुढे धावते, दोनदा मागे रेंगाळते. 10 अंशांवर हा चढउतार सुमारे 1.5 टक्के असतो, 20 अंशांवर सुमारे 6 टक्के. कोन दुप्पट, त्रास चौपट. हमरस्त्यावर शाफ्ट मिनिटाला 2,400 फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला 80 वेळा हा हिसका बसतो. सीटखाली जाणवणारी थरथर तीच. क्रॉसच्या वाट्यांतल्या बारीक सुया आधी मरतात, मग ट्रान्सफर केसचं सील गळू लागतं.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही योक एका रेषेत असतील, तर एका जॉइंटचा हिसका दुसरा जॉइंट परतवतो. उचलताना नेमकं हेच बिघडतं. एक्सल पाट्यांच्या वरून खाली आणताना वेल्डिंग अंदाजाने होतं आणि पिनियनचं तोंड भलतीकडे वळतं. कधी शाफ्ट उघडून परत जोडताना स्प्लाइनचा एखादा दाता चुकतो. उघडण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ मारली तर हा घोळ होत नाही. फुकटातला उपाय आहे.

तर निवड कशी करायची? दोनेक इंच उचल असेल तर मूळ शाफ्ट ठेवा, चांगल्या प्रतीचे नवे क्रॉस टाका आणि स्लिप योक आत किती शिल्लक आहे ते पाहा. चार इंचांच्या आसपास गेलात तर शाफ्ट लांब करून संतुलन करून घ्यावा लागेल, किंवा फ्लँजमध्ये स्पेसर. पाट्यांखाली पाचर घालून पिनियनचा कोनही दुरुस्त करावा लागेल. त्यापुढे डबल कार्डन जॉइंटचा विचार करा. त्यात ट्रान्सफर केसच्या बाजूला दोन जॉइंट मिळून कोन वाटून घेतात आणि पिनियनचं तोंड जवळजवळ थेट शाफ्टच्या दिशेने ठेवावं लागतं. मात्र हा जॉइंट स्वतःच जागा खातो. आधीच आखूड असलेला शाफ्ट त्यामुळे आणखी आखूड होतो. पुढच्या एक्सलवर पिनियन वर वळवला की कॅस्टर बिघडतो आणि स्टिअरिंग भरकटतं. शाफ्टचा प्रश्न सुटला, पण गाडी सरळ जाईना, असा तो सौदा.

काहीही बसवलं तरी एक चाचणी सोडू नका. चासी स्टँडवर घ्या, एक्सल पूर्ण लोंबकळू द्या आणि शाफ्ट हाताने पूर्ण फेरी फिरवा. योक कुठेही घासला किंवा अडला तर तो मैदानात तुटणार, हे लिहून ठेवा.

2020 नंतरच्या थारचं गणित थोडं वेगळं. तिचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. त्यामुळे तिथे चिंता चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टची. बाहेरचा सीव्ही जॉइंट बराच कोन सोसतो, आतला त्याहून कमी. रबरी बूट घड्यांत घासून फाटला की माती आत गेलीच. तिथेही जाड शाफ्टच्या आधी उंची कमी ठेवणं किंवा डिफरन्शियल खाली घेणं शहाणपणाचं.

जाड शाफ्टबद्दल माझा दुसरा आक्षेप फौजी आहे. साखळीत एक कडी अशी हवी, जी तुटली तर रस्त्याकडेला बदलता येईल. क्रॉस ही ती कडी. तो स्वस्त आहे, खिशात मावतो, हातोडी आणि सर्क्लिप प्लायरवर बदलता येतो. शाफ्ट आणि क्रॉस अति मजबूत केले की धक्का पुढे सरकतो, पिनियनवर, हाफ शाफ्टवर, ट्रान्सफर केसच्या गिअरवर. ते जंगलात कोण उघडणार? फ्यूज उडतो म्हणून त्या जागी खिळा ठोकण्यातला हा प्रकार.

छत्तीसगडची माती यात आपला वाटा उचलते. इथला शेतकरी काळ्या जमिनीला कन्हार म्हणतो आणि लाल मुरमाड माळाला भाटा. पावसाळ्यात कन्हार चाकाला चिकटते आणि सुटताना शाफ्टला पीळ देते. उन्हाळ्यात भाट्याची धूळ सीलमध्ये शिरते. म्हणून इथे मी ग्रीस निपलवाला क्रॉस पसंत करतो. निपलच्या छिद्रामुळे तो सीलबंद क्रॉसपेक्षा किंचित कमजोर असतो, पण नाला ओलांडून आल्यावर नवं ग्रीस भरून पाणी आणि गाळ बाहेर काढता येतो. चारही वाट्यांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारायचा.

हा सगळा खटाटोप केवळ खर्च वाचवण्यासाठी नाही. जगदलपूरकडे जाताना केशकाल घाट लागतो. तो उतरताना गाडी टू व्हील ड्राइव्हमध्ये असेल आणि मागचा शाफ्ट सुटला, तर इंजिनचा ब्रेक त्याच क्षणी संपतो. उतारावर गिअरमध्ये उभी केलेली गाडीही मग धरून राहत नाही. शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी उचकटली जाऊ शकते. शाफ्टभोवती जाड लोखंडी कडं लावा. तुटलेला शाफ्ट निदान खाली पडणार नाही. सगळ्या अपग्रेडमध्ये मी पहिला क्रमांक त्यालाच देईन.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बेकायदा बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. उंच गाडी खासगी मैदानावर खेळवायची असेल तर ती ट्रेलरवरून न्या. वर्दीतल्या माणसाला तर इथे पळवाट शोधायचा अधिकारच नाही.

"सर, परदेशात लोक सहा इंच उचलतात," असंही ऐकवलं जातं. उचलू देत. त्यांचे खडक वेगळे, गाड्या वेगळ्या. आपल्याकडे चिखल, नाले आणि बांध आहेत. तिथे चांगले टायर, टायरमधली योग्य हवा, एक दोर आणि आधी पायी उतरून वाट बघणारा चालक जास्त कामाला येतो. एवढं करूनही गाडी पोटावर टेकतच असेल, तर दोन इंच उचला आणि थांबा. शाफ्टसाठी साठवलेल्या पैशातून एक कोनमापक, दोन जादा क्रॉस आणि एक ग्रीस गन घ्या. उरलेल्या पैशाचं डिझेल भरा किंवा पेट्रोल, आणि गाडी चालवायला शिका.