पंप लाखांचा आणि नळी "कोणतीही चालते"

झरी जामणी तालुक्यातल्या सरपंच-सदस्यांनी, पाणीपुरवठा समितीवाल्यांनी आणि नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. विषय छोटा वाटेल, बोटाएवढ्या नळीचा आहे. पण गावाचं पाणी तिथंच अडतं.

नदीवरून पाणी उचलणाऱ्या मोठ्या पंपाचा शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो. तिथून पाणी गळू नये म्हणून ग्लँड दोरी भरतात, नाहीतर मेकॅनिकल सील बसवतात. हे सील घासून तापू नये म्हणून पंपाच्याच दाबाचं थोडं पाणी एका बारीक नळीनं तिथं सोडलेलं असतं. नळी आतून गंजली की गंजाचे पापुद्रे सीलमध्ये जातात. तुंबली तर सील कोरडं चालतं. कोरडं चाललेलं सील थोड्याच वेळात तापून तडकतं. मग पाणी बेअरिंगमध्ये, पंप बंद, आणि गाव परत हापशीवर.

हापशीवर परत जाणं म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला सांगायला नको. इथल्या कित्येक हापशांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० हे मानक लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. त्याच्या वरचं पाणी वर्षानुवर्षं पिलं की लेकरांचे दात तपकिरी होतात, म्हाताऱ्यांचे सांधे आखडतात. कोलाम पोडावरची माणसं तर आधीच सगळ्याच सोयींच्या रांगेत शेवटी. पंप पंधरा दिवस बंद म्हणजे त्यांनी पंधरा दिवस तेच पाणी प्यायचं.

मी वणी-मुकुटबन पट्ट्यात बरीच वर्षं पंपांची कामं केली. खाणीवर केली, कारखान्यात केली, गावच्या योजनांवरही केली. कारखान्यात सीलची नळी कोणत्या धातूची, किती जाडीची, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. गावच्या योजनांची जी अंदाजपत्रकं माझ्या हाताखालून गेली, त्यांत पंपाचं हॉर्सपॉवर होतं, मोटार होती, पॅनेल होतं. नळीच्या नावानं "इतर फिटिंग". ठेकेदाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भाऊ, नळी ते नळीच. कायले एवढं?"

कायले, ते सांगतो.

साधी लोखंडी किंवा जीआय नळी: जस्ताचा थर आहे तोवर ठीक. बारीक नळीत तो गेला की गंज आतल्या आत वाढतो, बाहेरून दिसत नाही.

"एसएस" नळी: बिलात नुसतं एसएस लिहिलं तर समजा की काहीच लिहिलं नाही. २०२, ३०४ आणि ३१६ हे तीन वेगळे माल आहेत. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, त्यामुळे स्वस्त पडतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून पाण्यातल्या क्लोराइडपुढे ते टिकतं. चुंबक लावून ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तिन्हींना चुंबक जवळपास चिकटतच नाही.

ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाची नळी: इथं स्टेनलेसचा हट्टच चूक. ते द्रावण स्टेनलेसला बारीक भोकं पाडतं. इथं प्लास्टिकचीच नळी हवी.

आणि एक गंमत पाहा. फ्लोराइड आपल्या पाण्यात ज्या प्रमाणात आहे, त्यानं नळीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते माणसाचं. नळीला खातं क्लोराइड. साधारण हिशेब असा: थंड पाण्यात क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ३०४ पुरतं, त्याच्या वर १००० पर्यंत ३१६. म्हणून "सगळीकडे ३१६ लावा" असंही मी म्हणत नाही. आधी पाणी तपासा, मग नळी ठरवा. त्यात आपला भाग चुनखडी-डोलोमाइटचा, पाणी जड. नळी कोणतीही असो, आत क्षार बसणारच. म्हणून ती खोलून साफ करता येईल असा जोड हवा.

स्टेनलेस नळीला जीआयचं निपल लावणारेही पाहिले. दोन धातू पाण्यात जोडले की हलका धातू झिजतो. नळी चकाचक राहते, निपल सडतं.

"एवढी बारकाई खेड्यात कोण करतं?" म्हणणाऱ्यांनी रोजची हापशी आठवावी. आज देशभर दिसणाऱ्या इंडिया मार्क २ हापशीची मुळं जालना आणि सोलापूरच्या हातपंपांत आहेत. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं ती घडली आणि तिच्या प्रत्येक भागाचं माप नि धातू मानकात लिहिला गेला. म्हणून ती टिकली, पसरली. पुढे पाण्याचा पीएच ६.५ च्या खाली असलेल्या ठिकाणी तिचेही जीआय पाइप सडले, तेव्हा स्टेनलेस किंवा प्लास्टिककडे वळावं लागलं. म्हणजे खेड्यातल्या पंपासाठी बारकाई आपल्याच राज्यात सुरू झाली होती. आता तीच विसरायची?

नळी बदलायचा खर्च पंपाच्या किमतीपुढे चिल्लर. जळालेलं सील, क्रेन, फिटरची मजुरी आणि बंद दिवसांचे टँकर हे सगळं ग्रामपंचायतीच्या माथी, म्हणजे आपल्याच पाणीपट्टीतून.

पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या:

१. योजनेच्या पाण्याचा पीएच, क्लोराइड, कठीणपणा कधी तपासला? अहवाल दाखवा.
२. सीलच्या नळीचा आणि तिच्या जोडांचा ग्रेड अंदाजपत्रकात लिहिला आहे का?
३. मालासोबत कारखान्याचा तपासणी दाखला आला का?
४. सुटं सील आणि सुटी नळी पंपघरात ठेवली आहे का?
५. नळी शेवटची कधी खोलली, नोंद कुठे आहे?

जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा शब्द दिला आहे. तो शब्द या बोटाएवढ्या नळीतूनच जातो. "इतर फिटिंग" लिहून कुणी सही मागत असेल, तर सही करू नका.