विश्लेषण : स्वभावाला औषध असते का? पोकेमॉनचे दहा टक्के आणि वर्ध्याची गवळाऊ

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पोकेमॉनच्या दुनियेत मात्र २०१९ पासून हे औषध मिळते आणि त्याचे नाव आहे ‘मिंट’. हा निव्वळ पोरखेळ समजून सोडून द्यावा, असा विषय नाही. एखाद्या जिवाचे मोल आकड्यांत कसे करावे, हा प्रश्न त्यामागे आहे. गवळाऊ गोवंशाच्या वर्धा जिल्ह्याला तो प्रश्न नवा नाही.

खेळातला ‘स्वभाव’ म्हणजे काय?

पोकेमॉनचे पहिले खेळ जपानमध्ये १९९६ साली आले. प्राण्यांना ‘नेचर’ म्हणजे स्वभाव मिळाला तो २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या खेळांपासून. पकडलेला किंवा अंड्यातून निघालेला प्रत्येक पोकेमॉन २५ पैकी एक स्वभाव घेऊन येतो. कुणी हट्टी, कुणी भित्रा, कुणी आनंदी, कुणी लाजरा.

प्राण्याचे सहा गुण आकड्यांत मोजले जातात : जीवनशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. स्वभाव जीवनशक्तीला हात लावत नाही. उरलेल्या पाचांपैकी एक गुण तो १० टक्क्यांनी वाढवतो आणि दुसरा १० टक्क्यांनी घटवतो. हट्टी पोकेमॉनचा हल्ला वाढतो, विशेष हल्ला घटतो. भित्र्याचा वेग वाढतो, हल्ला घटतो. शूराचा हल्ला वाढतो, पण वेग कमी होतो. पाच स्वभावांत वाढणारा आणि घटणारा गुण एकच असल्याने परिणाम शून्य. लाजरा त्यांतलाच एक. आवडीची चवही स्वभावावरच ठरते : हल्ला वाढवणाऱ्या स्वभावाला तिखट आवडते, वेग वाढवणाऱ्याला गोड.

दहा टक्क्यांनी एवढे काय बिघडते?

गारचॉम्प या पोकेमॉनचे उदाहरण घेऊ. स्पर्धेत नेहमीच्या असलेल्या ५० व्या पातळीवर, वेगाची पूर्ण तयारी करून घेतली, तर त्याचा वेग १५४ भरतो. आनंदी स्वभाव असेल तर तोच १६९ होतो. समोर वेगवान स्वभावाचा चारिझार्ड असेल, तर त्याचा वेग १६७. म्हणजे आनंदी गारचॉम्प दोन अंकांनी आधी वार करतो, हट्टी मात्र मागे पडतो. आधी वार कोणाचा, यावर अनेकदा डावाचा निकाल लागतो.

मग हट्टी गारचॉम्प वाईट का? मुळीच नाही. हल्ल्याची पूर्ण तयारी असेल तर आनंदी गारचॉम्पचा हल्ला १८२ राहतो आणि हट्ट्याचा २०० होतो. दोघांचाही घटतो तो विशेष हल्ला, आणि गारचॉम्पला त्याची फारशी गरजच नसते. मुरलेला खेळाडू नेमके हेच हेरतो : जे वापरायचे नाही ते सोडायचे आणि जे हवे ते वाढवायचे. चांगला किंवा वाईट स्वभाव असा नसतोच. काम कोणते, यावर ते ठरते.

मग औषध कशाला?

पूर्वी मनासारखा स्वभाव मिळवायला खेळाडू तासन्‌तास अंडी उबवत बसत. ‘एव्हरस्टोन’ नावाचा दगड पालकाजवळ ठेवून त्याचा स्वभाव पिल्लात उतरवण्याची सोय होती, तरी वेळ जायचाच. २०१९ च्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये मिंट आली आणि तो व्याप कमी झाला. यातली मेख अशी की मिंट दिल्यावरही नोंदीत मूळ स्वभाव तसाच राहतो. बदलतो तो फक्त गुणांवरचा परिणाम. भित्रा भित्राच राहतो, पण त्याचा हल्ला आता घटत नाही. पिल्लातही मूळ स्वभावच उतरतो.

ही सुधारणा योग्यच होती. सुरुवातीपासून सोबत असलेला पोकेमॉन निव्वळ जन्माच्या शिक्क्यामुळे टाकून द्यावा लागू नये. भारतात डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आलेल्या ‘पोकेमॉन गो’ या मोबाइल खेळात तर स्वभाव ही भानगडच नाही. तिथे हल्ला, बचाव आणि दम यांचे शून्य ते १५ असे आकडे असतात. पूर्ण आकडे नसलेला प्राणी थेट निकालात काढण्याची खोड मात्र तिथेही आहेच.

वर्ध्याचा संबंध काय?

गवळाऊ ही वर्धा आणि परिसरातली देशी गोवंशाची जात. अंगाने हलकी, चालीला चपळ. मराठा सैन्याची सामानवाहतूक वेगाने करण्यासाठी ती जोपासली गेली, असे सांगितले जाते. बैल चालीला पक्के, गाय दुधाला बेताची. खेळाच्या भाषेत सांगायचे तर वेग वाढला आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजली गेली.

पुढे हिशेब बदलला. शेतीत ट्रॅक्टर आला, दुधाला बाजार आला आणि गोठ्यात जनावर एकाच आकड्यावर तोलले जाऊ लागले : लिटर. जर्सी आणि होल्स्टिनशी संकर वाढला, शुद्ध गवळाऊ कमी होत गेली. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. दूध विकूनच घर चालते. पण विदर्भाचे ऊन सोसणे आणि साध्या वैरणीवर तग धरणे हे गुण त्या एका आकड्यात कधी मोजले गेले नाहीत. कारंजा (घाडगे) तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊच्या संवर्धनासाठी सरकारी फार्म आहे. ते नीट चालणे म्हणूनच महत्त्वाचे, आणि गवळाऊ पाळणाऱ्याला लिटरपलीकडच्या गुणांचाही मोबदला मिळायला हवा.

खेळातला नियम सुटसुटीत आहे : दहा टक्के इकडे, दहा टक्के तिकडे. खऱ्या जनावरात देणेघेणे इतके नेमके नसते आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांनी घडते. मुलांनी खेळातून एवढे उचलले तरी पुरे, की सगळ्याच बाबतीत अव्वल असा जीव नसतो आणि एका आकड्यावर कुणाची किंमत ठरत नाही. खेळात चुकले तर मिंट मिळते. गोठ्यातून गेलेली जात परत आणणारी मिंट मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.