मीठही पिकतंच ना!

मंडळी, आपल्या बदलापूरवरून वाहणारी उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीला मिळते. भाईंदरची मिठागरं त्याच खाडीकाठची. दिवाळीनंतर तिथे वाफ्यांत खारं पाणी घेतात, ते उन्हाने आटत आटत मीठ धरतं. मध्येच पावसाची मोठी सर आली, की तयार मीठ विरघळतं आणि आटवलेलं पाणी पुन्हा पातळ होतं. महिन्याची मेहनत तासाभरात पाण्यात! २०२५ साली तर मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच आला, नेहमीपेक्षा १६ दिवस आधी. ऐन उन्हाचे दिवस बुडाले.

अवकाळीने भात गेला, की पंचनामा होतो. मीठ पडलं उद्योगाच्या खात्यात! पण आपण 'मीठ पिकतं' असंच म्हणतो ना? मग पंचनामा त्याचाही व्हायला हवा, असं मला वाटतं.